कंपनी फिटिंग

रविवार, ८ जून. आज दवाखान्याच्या माळ्यावरची प्लॅस्टरची मॉडेल्स काढायची होती. दातांच्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षं लोकांचे जबडे साठत जातात. माप घेतलं की प्लॅस्टरचा साचा होतो, काम झालं की तो माळ्यावर जातो. जीव अडकतो म्हणून नव्हे, टाकायला वेळ नसतो म्हणून. माझ्या माळ्यावर अर्ध्या नारायण पेठेचे दात होते. त्यातले काही मालक वारले होते आणि काहींनी डॉक्टर बदलला होता. माझ्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

दोन तासांत तीन पोती भरली. चौथं उघडलं तेव्हा हातात एक बिस्किटांचा डबा आला. वर माझ्याच अक्षरात ‘टर्बो’ एवढं लिहिलेलं. आत वरच्या जबड्याचा साचा. डावीकडच्या पहिल्या उपदाढेच्या टोकाला गोल खाच, पेन्सिल आरामात बसेल एवढी. साच्याशेजारी कापसात गुंडाळलेला नखाएवढा करडा स्क्रू. मी पोत्यावरच बसले. गुडघेही दुखत होते.

ज्यांचा हा जबडा, ते गृहस्थ माझ्या दवाखान्याच्या खाली, मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या ‘वाढवायचे’. शब्द त्यांचाच, अर्थ इंजिनाची ताकद वाढवणं. पूर्वी तिथे छापखाना होता. टर्बोचार्जर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात त्यांची नोकरी झाली, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी हा उद्योग सुरू केला. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे. ताशी दोनशेच्या वर पळू शकणाऱ्या त्या गाड्या आमच्या बोळातून भाजीच्या हातगाडीमागून, आरसे मिटून, चालत यायच्या. गणपतीत रस्ते बंद झाले की आत असलेली गाडी दहा दिवस आतच. एवढा वेग शहरातल्या इतक्या अरुंद जागी तयार होत असे, याचं त्यांना कधी नवल वाटलं नाही.

आमची ओळख तक्रारीतून झाली. दवाखाना उघडून महिना झाला होता. एक उंच, वाकलेला माणूस, खाकी शर्ट, कानात यंत्र, सरळ आत आला.

“तुमच्या कॉम्प्रेसरला दमा आहे.”

“आपण कोण?”

“खालचा.”

माझा हवेचा कॉम्प्रेसर खाली अंगणातच ठेवलेला असे. मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“चावून पाहिला,” ते म्हणाले आणि निघून गेले.

मी दुर्लक्ष केलं. आठवड्याने कॉम्प्रेसर बंद पडला. मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढून दाखवला. चीर गेली होती. मग मी खाली जाऊन ‘चावून’ म्हणजे काय ते पाहिलं.

लहानपणी दोन्ही कान वाहून वाहून त्यांचे पडदे गेले होते. बाहेरचा आवाज नीट पोचत नसे, पण आतला कान शाबूत होता. अशा माणसाला हाडातून आलेला आवाज चांगला ऐकू येतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्यांना कारखान्यातून. गाडी चालू ठेवायची, लाकडी मुठीच्या लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टर्बोच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ डावीकडच्या उपदाढेखाली धरून डोळे मिटायचे. कानातलं यंत्र त्याआधी काढून शर्टाच्या खिशात. इतरांना गाडीचा, बोळाचा, शेजारच्या कुकरचा असा सगळा गोंगाट ऐकू येई. त्यांना फक्त तो एक दांडा ऐकू येई, ज्याच्या दोन टोकांना टर्बोचे दोन पंखे असतात. त्या दांड्यात केसाएवढी हालचाल झाली तरी त्याला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात, आणि प्ले वाढला की टर्बो संपला. बाकीचे टर्बो उतरवून, दांडा बोटाने हलवून प्ले बघतात. हे न उतरवता सांगायचे.

यंत्र खिशात गेलं की दुसराही एक अर्थ असे. गिऱ्हाईक मूर्खासारखं बोलायला लागलं की ते यंत्र काढत. संभाषण संपलं असं समजायचं.

टर्बो म्हणजे काय हे मला त्यांनी एकदाच समजावलं, पण कायमचं.

“डॉक्टरीणबाई, इंजिन म्हणजे पानावर बसलेला माणूस. साधं इंजिन भुकेपुरती हवा आपल्या हाताने घेतं. टर्बो म्हणजे वाढपी. तो धुराच्या जोरावर फिरतो आणि आग्रह करकरून जास्त हवा वाढतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. आता, आग्रह किती झाला की पुरे, हे कंपनी ठरवते. आपण पानावर आडवा हात धरतो ना, तसा एक व्हॉल्व्ह असतो. माझं काम एवढंच, की तो हात जरा उशिरा आडवा यावा.”

“आणि पोट फुटलं तर?”

“म्हणून तर चावून बघायचं.”

सगळं जग ज्याला बूस्ट म्हणतं त्याला ते आग्रह म्हणत. “या गाडीला आग्रह सोसत नाहीये.” “आधी ब्रेक बदला, मग आग्रहाचं बोला.” गिऱ्हाइकं आधी हसत आणि मग तेच बोलू लागत. आयटीतला एखादा मुलगा फोनवर मित्राला गंभीरपणे सांगताना मी ऐकला आहे, “ब्रो, स्टेज टू नको, काका बोलले आग्रह ऑलरेडी मॅक्स आहे.”

त्यांचं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात छळवादी गिऱ्हाईक म्हणजे ज्यांना ते ‘सरपंच’ म्हणत. सरपंच ते नव्हते. शहराने गिळलेल्या एका गावचे जमीनवाले होते. पूर्वी ऊस होता तिथे आता टॉवर होते आणि दारात पांढरी टर्बो गाडी होती. त्यांना गाडीच्या ताकदीपेक्षा आवाजात रस होता. गिअर बदलताना जादा हवा ‘फुस्स’ करून बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह मिळतो, तो त्यांना हवा होता.

“काका, ते फुस्स करणारं बसवा की. गावात कळाया पायजे गाडी आली म्हणून.”

“भरल्या पंगतीत ढेकर द्यायची सवय लावू नका गाडीला.”

“आवो, पण आमाला आवडतीय ढेकर.”

यंत्र खिशात.

त्यांचा एक कडक नियम होता. गाडीत बाहेरचा पार्ट बसवला की काढलेला मूळ पार्ट पुसून, पोत्यात बांधून, वर गाडीचा नंबर लिहून मालकाच्या हातात द्यायचा. गाडी कधीही मूळ स्थितीत परत आणता आली पाहिजे. जे मालक पोतं नेत नसत त्यांची पोती शेडच्या भिंतीला लावलेली असत. बिचकणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगत, “अहो, घाबरता काय? कंपनीने हात आखडता घेतलेला असतो. कंपनी फिटिंग म्हणजे देवाचा शब्द नव्हे.” हे वाक्य लक्षात ठेवा.

पेशंट म्हणून ते वर आले ते एका दुखणाऱ्या दाढेसाठी. मी खाचेकडे बघून गमतीने विचारलं, “पाइप ओढता?” शिंप्यांच्या दातांना सुईच्या खाचा पडतात, तशी ही स्क्रू ड्रायव्हरची होती. मी दाढ कोरायला घेतली. आमचं कोरायचं यंत्रही हवेच्या जोरावर फिरणारी चक्कीच असते. अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला.

“दुखतंय?”

तोंडात कापूस, नळी आणि माझी दोन बोटं असताना ते काहीतरी म्हणाले. मी बोटं काढली.

“बेअरिंग जातंय तुमचं,” ते म्हणाले. “चार दिवस चालेल.”

पाच दिवस चाललं. पाचव्या दिवशी मी खाली जाऊन तसं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “एक दिवस तुम्ही सुट्टी घेतली असेल.” घेतली होती.

त्याच तपासणीत मला दिसलं होतं की खाचेची उपदाढ हलते आहे. हिरडी खाली गेली होती, मुळाभोवतीचं हाड झिजलं होतं. मी म्हटलं, ही काढावी लागेल. रोज इंजिनाला दात लावल्यावर दुसरं काय होणार?

“ती सोडून बाकीच्या सगळ्या काढा.”

“बाकीच्या चांगल्या आहेत.”

“चांगल्या असून उपयोग काय? त्यांना ऐकू येत नाही.”

मी त्यांना इम्प्लांटबद्दल सांगितलं: जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर नवा दात. टायटॅनियम म्हटल्यावर डोळे चमकले. “एक्झॉस्ट करतात त्याचा. हलका असतो.” मग लगेच चेहरा बंद झाला. “नको. आपलं कंपनी फिटिंगच बरं.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांत बाहेरचे पार्ट बसवणारा माणूस हे म्हणत होता. मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, कंपनीने हात आखडता घेतलेला असतो.

“ती कंपनी वेगळी,” ते म्हणाले, आणि यंत्र खिशात.

असं दोन वर्षं चाललं. दर तीन महिन्यांनी मी दात साफ करून द्यायची, हलण्याचं प्रमाण सांगायची. ते विचारायचे, “प्ले किती?” मी सांगायची, “वाढलाय.” कुठल्याही टर्बोला एवढा प्ले असता तर त्यांनी तो त्याच दिवशी भंगारात टाकला असता. पण मला त्यांचं भय समजत होतं. कान केव्हाच गेले होते. एकच भोक उरलं होतं जगाकडे, आणि ते मी उपटायला निघाले होते.

शेवटी पू झाला. गाल एवढा सुजला की स्क्रू ड्रायव्हर तोंडात धरता येईना. मग स्वतःच वर आले, खुर्चीत बसले आणि आ केला. दात काढून मी भांड्यात टाकला, तर त्यांनी हात पुढे केला.

“काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा असतो.”

मी तो धुऊन औषधाच्या पाकिटात घालून दिला. इम्प्लांटला अजूनही नकार. त्यांना काढता-घालता येणारी एका दाताची प्लेट हवी होती, टाळ्याला चिकटून बसते ती. कारण? मूळ स्थितीत परत येता आलं पाहिजे. मूळ दात पाकिटात असताना कसली मूळ स्थिती, हे मी विचारलं नाही. जुन्या मापावर प्लेट करून दिली. हा साचा त्याच मापाचा. दात काढायच्या आधीच मी ते घेऊन ठेवलं होतं.

तीन आठवड्यांनी सरपंचांची गाडी आली. नेहमीची तपासणी. काकांनी प्लेटच्या दाताखाली मूठ धरली, डोळे मिटले, आणि चेहरा उतरला. टर्बोत खुळखुळ होती.

टर्बो उतरवला. दांडा बोटाने हलवून पाहिला, हलला नाही. तरी बेअरिंग बदललं. बसवला, चावला, खुळखुळ तशीच. पुन्हा उतरवला. दुसऱ्या गाडीचा चांगला टर्बो लावून पाहिला, त्यातही खुळखुळ. तिसऱ्यांदा सगळं उघडलं. सरपंच रोज येऊन अंगणात खुर्ची टाकून बसत. दहाव्या दिवशी काका वर आले.

“प्लेट टोचतेय,” म्हणाले. मी टोचणारी कड घासत असताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, “शेड बंद करतोय, डॉक्टरीणबाई. आता मला सगळ्याच गाड्यांत आवाज येतो. बोटाला प्ले लागत नाही आणि दाताला लागतो. ज्याला चांगलं-वाईट कळत नाही त्याने लोकांना गाडीत बसवून रस्त्यावर सोडू नये.”

“सगळ्या गाड्यांत?”

“सगळ्या. काल तुमच्या कॉम्प्रेसरमध्येही आला.”

माझा कॉम्प्रेसर नवा होता. मी हातातल्या प्लेटकडे पाहिलं. गुलाबी, नखाएवढी जाड, आणि त्यांच्या टाळ्यावर बसते ती फक्त थुंकीच्या आधाराने.

“चला खाली,” मी म्हटलं. बाहेर दोन पेशंट होते, त्यांना बसायला सांगितलं.

अंगणात सरपंच उठून उभे राहिले. “काय झालं? डॉक्टर कशापायी?”

“गाडी चालू करा,” मी म्हटलं. काकांना म्हटलं, “आता प्लेट न घालता उजवीकडच्या दाढांत धरा.”

“उजवीकडे मी कधी ऐकलं नाही.”

“आज ऐका.”

त्यांनी मूठ उजवीकडे धरली. डोळे मिटले. मग माझ्या हातातली प्लेट घेऊन तोंडात घातली, डावीकडे धरून ऐकलं. पुन्हा काढली, पुन्हा उजवीकडे. मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“प्ले प्लेटमध्ये आहे,” ते म्हणाले.

“हो.”

सरपंच दोघांकडे आळीपाळीने बघत होते. काकांनी यंत्र कानात घातलं. मला वाटलं होतं ते काहीतरी गुळमुळीत सांगतील. त्यांनी सरळ सांगितलं, “तुमच्या गाडीत दोष नव्हता. माझ्या तोंडात होता.”

“म्हंजी तीन येळा उगाच खोललं?”

“तीनदा.”

“मंग आता बरी हाय?”

“पहिल्यापासून बरी होती.”

सरपंचांनी विचार केला. “मी गावात सांगून बसलोय, लई अवघड प्राब्लेम हाय, पुण्यात एकाच माणसाला उमगतो म्हून.”

“खोटं नाही ते,” मी म्हटलं.

शेड उघडी राहिली, पण इम्प्लांट ठरला. खुर्चीत बसल्यावर त्यांनी विचारलं, “गॅरंटी किती?”

“तुमच्यापेक्षा जास्त टिकेल.”

“लिहून द्या.”

“कशाला? तक्रार घेऊन तुम्ही थोडेच येणार आहात?”

हे त्यांना फार आवडलं. आठवडाभर खाली येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

हाड कमी होतं, त्यामुळे ते भरायला, स्क्रू घट्ट बसायला आणि वर दात चढायला वर्ष गेलं. तोवर उजव्या दाढांवर अर्धवट काम. दात चढवला त्या दिवशी मी स्वतः खाली गेले. त्यांनी मूठ धरली आणि दचकून सोडली.

“फार ऐकू येतंय.”

मी सांगितलं, खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक गादी असते, ती थोडा आवाज खाते. स्क्रू थेट हाडात असतो.

“म्हणजे इंजिनाखालचं रबरी माउंटिंग काढून सॉलिड टाकलंत म्हणा ना.” गिऱ्हाइकांना ते नेमकं हेच करू देत नसत, गाडीचा खुळखुळा होतो म्हणून. “आता सगळं पहिल्यापासून शिकावं लागणार.”

शिकले. सत्तरीला टेकलेला माणूस सहा महिने बोळातल्या प्रत्येक चांगल्या यंत्राला चावत हिंडला, चांगलं कसं ऐकू येतं ते कळावं म्हणून. माझा कॉम्प्रेसर, गिरणीची मोटर, रसवंतीचा चरक. गिरणीवाल्याने मला विचारलं, “डॉक्टर, यांना काही झालंय का?” मी म्हटलं, “दात आलाय.”

आणि मग एकदा सरपंचांच्याच गाडीला मूठ लावून म्हणाले, “आता आहे.” टर्बो उतरवला. दांडा खरोखर हलत होता, केसाएवढा. सरपंचांनी तो हललेला दांडा मोबाइलवर घेतला, गावात दाखवायला. काका वर येऊन दारातूनच म्हणाले, “आलं ऐकू,” आणि गेले. आभार वगैरे नाहीत. मीही त्यांची अपेक्षा केली नव्हती.

पुढची चार वर्षं तो दात त्यांनी रोज वापरला. गेल्या थंडीत दुपारी जेवून उठताना गेले. त्यांची मुलगी कोल्हापूरला असते. ती सांगत होती, साधा वरणभात होता, दुसऱ्यांदा घेतलाही नव्हता. आग्रहाशी काही संबंध नव्हता.

ती माझ्याकडे आली ती स्टीलची डबी घेऊन. बायको आधीच गेलेली, भाऊ नाही, सगळं तिच्यावरच.

“अस्थींत हे मिळालं. मला वाटलं गाडीचा कुठला पार्ट असेल. शेडमध्ये आलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवला, कोणी ओळखेना.”

“तो मी बसवलेला आहे.”

“गुरुजी म्हणाले, अस्थींबरोबर बाहेरची वस्तू सोडत नाहीत.” तिने पर्समधून आणखी एक पाकीट काढलं. “आणि हे शेडमधल्या पोत्यांत होतं.”

माझ्याच दवाखान्याचं पाकीट होतं. वर त्यांच्या अक्षरात, गाड्यांच्या पोत्यांवर लिहीत तसंच: ‘स्वतः. वरचा डावा. मूळ पार्ट.’

“दात आहे का हा? याचं काय करू?”

“तो कंपनी फिटिंग आहे,” मी म्हटलं. “तो सोडा. स्क्रू माझ्याकडे राहू दे.”

तिने दात अस्थींत घातला. त्यांच्याच नियमाने गाडी मूळ स्थितीत गेली, आणि बाहेरचा पार्ट बिस्किटाच्या डब्यात आला.

आज तो डबा हातात धरून मी पाच मिनिटं घालवली असतील. मग साचा चौथ्या पोत्यात टाकला. प्लॅस्टर ओलं होऊन फुगतं, त्याला बुरशी येते; ठेवून उपयोग नसतो.

सोमवार, ९ जून. सकाळी चारही पोती गेली. मी स्क्रू निर्जंतुक करायच्या यंत्रातून काढला आणि नमुन्यांच्या वाटीत ठेवला. साडेनऊला एक निवृत्त गृहस्थ आले, आठ महिने इम्प्लांटचं ठरवत असलेले. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“पण डॉक्टर, टिकतो किती?”

माझं जुनं उत्तर मी आता देत नाही. वाटीतला स्क्रू उचलून त्यांच्या समोरच्या ट्रेमध्ये ठेवला.

“वापरलेला दिसतोय,” ते म्हणाले.

“हो. चार वर्षं.”

“मग काढला का? बिघडला?”

“काढला नाही. मालक गेले. हा राहिला.”

त्यांनी ट्रे जवळ ओढून स्क्रू पाहिला. मग त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला आणि आ केला.